बावीस दाणे कमी

ग्रान्विकमध्ये दोन माणसं अंतरावरून हमरीतुमरीवर आली, की तिसरा एवढंच म्हणतो, "मारितने मोजलंय." विषय संपला. मग समोरच्याचं कुंपण दोन फूट आत आलेलं असो, नाहीतर मासा हातभर लांब असल्याची थाप असो. मारित ब्रेक्के वारून शेहेचाळीस वर्षं झाली, तरी अमेरिकेतल्या डाकोटाच्या या कोपऱ्यात शेवटचा शब्द अजून तिचाच चालतो.

गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. १८८४ च्या मे महिन्यात एइविंड आणि मारित ब्रेक्के बैलगाडीतून इथे आले. सरकारने दिलेला एकशेसाठ एकरांचा तुकडा मोजणीदारांच्या खुंटीपासून सरळ पश्चिमेला चार मैलांवर होता, आणि त्या चार मैलांत झाड नाही, दगड नाही, खूण म्हणून दाखवावं असं काही नाही. गवत आणि आभाळ. मग सगळे करायचे तेच त्यांनी केलं. चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि फेरे मोजत निघाले. एका मैलाला चारशेचाळीस फेरे. एइविंड बैलांपुढे चालत होता, मारित गाडीत बसून चिंधीवर डोळा ठेवून होती. दर दहा फेऱ्यांना ती मांडीवरच्या लोखंडी भांड्यात घेवड्याचा एक दाणा टाकायची. एकशेशहात्तरावा दाणा पडला तेव्हा ती म्हणाली, "थांबा. आलं." तिथेच त्यांनी मातीची ढेकळं रचून घर बांधलं. ग्रान्विकचं पहिलं घर, ग्रान्विकचा पहिला नांगर, ग्रान्विकचं पहिलं घराणं.

ते भांडं दाण्यांसकट गावच्या संग्रहालयात आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या बँकेची खोली. रविवारी दुपारी उघडते, कोणी किल्ली आणली तर.

त्या घराण्यात आता उरल्या सिग्नेबाई. वय चौऱ्याहत्तर. मारितचा मुलगा टोरवाल्ड, त्याची ही एकुलती एक मुलगी. आजी मोजण्यात पटाईत म्हणून नातीने अडतीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलं. दरवर्षी ते भांडं वर्गात आणून पोरांकडून दाणे मोजून घ्यायच्या. एकशेशहात्तर आले नाहीत तर जेवायची सुट्टी बंद. पुढे शाळा बंद झाली. पोरं बसने सतरा मैलांवर जायला लागली, आणि बाई शाळेमागच्या दोन खोल्यांत राहिल्या. गावाच्या पाटीवर लोकसंख्या दोनशे अकरा लिहिली आहे. त्यातली चार माणसं गेल्या हिवाळ्यात वारली, पण पाटी रंगवणारा त्या चारांतलाच होता.

बाईंचा फोन आठवड्यातून एकदा वाजतो आणि बहुतेक वेळा चुकीचा नंबर असतो. बिस्मार्क शहरातली कोणी बाई आहे, तिला बहिणीला लावायचा असतो. बाई तिच्याशी पाच मिनिटं तरी बोलतात. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे बहिणीच्या शेजाऱ्यांच्या आधी ग्रान्विकला कळलं होतं.

तर १९८४ साली गावाला शंभर वर्षं झाली आणि एक पुस्तक काढायचं ठरलं. प्रत्येक घराण्याने आपला इतिहास एक पान लिहून द्यायचा. पुस्तकाची सूत्रं आर्डिस मोएनकडे होती, म्हणजे गावात ज्या कामाला कोणी हो म्हणत नाही त्याची असतात तिथेच. सप्टेंबरच्या शेवटी ती बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, सगळ्यांची पानं आली. दारूच्या दुकानवाल्याने तीन पानं दिलीत, त्यातलं अर्धं पान कुत्र्यावर आहे. आणि पहिल्या घराण्याचंच पान नाही!"

"देते गं."

"जूनपासून देताय. वर्गात मी असं केलं असतं तर?"

"कोपऱ्यात उभं केलं असतं."

"मग राहा उभ्या." आर्डिस स्वतःच्याच विनोदावर हसली आणि टेबलावर पडलेला छापील कागद सुलटा केला. कुटुंबाचं नाव, कुठून आले, मुलं किती, हयात किती. "यात नवीन काही नकोच हो. चिंधी, भांडं, दाणे, आलं. लोकांना तेच वाचायचंय. पुढच्या सोमवारी येते."

ती गेल्यावर बाईंनी कागद उलटा करून ठेवला. चार महिने तो तसाच उलटा पडून होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. बाईंनी बटाटे उकडले, किसले, पिठात मळले आणि लेफ्सा लाटल्या. लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, तव्यावर भाजून लोणी-साखर लावून गुंडाळायच्या. कापणी आटोपली की दर शरद ऋतूत ब्रेक्केंच्या घरातली बाई बारा लेफ्सा घेऊन हेडलुंडांच्या मळ्यावर जाते. आधी मारित जायची, मग सिग्नेबाईंची आई, गेली एकतीस वर्षं बाई स्वतः. का, ते कोणी विचारलं नाही. म्हणजे बाईंना विचारलं नाही. आपसात भरपूर विचारलं. हेडलुंड स्वीडनचे, ब्रेक्के नॉर्वेचे. स्वीडिश माणसाला नॉर्वेजियन घरातून फुकट काही जातं म्हणजे पाणी मुरतंय, असं गावाचं मत. एमिल हेडलुंडची बायको वारली तेव्हा बाई पस्तिशीच्या होत्या आणि गावाने लग्नाचा केकसुद्धा ठरवून टाकला होता. एमिल पुढे सव्वीस वर्षं जगला. दरवर्षी दारात येऊन टोपी काढून पोळ्या घ्यायचा आणि म्हणायचा, "यंदा साखर बरी पडली." याहून पुढे काही म्हणाला नाही. बाईंनीही कधी कबूल केलं नाही की त्या पुढच्या वाक्यासाठी जरा जास्तच वेळ पायरीवर उभ्या राहायच्या.

आता त्या दारात त्याचा मुलगा होता, एल्डन. वय चोपन्न, बाईंचा विद्यार्थी. १९३९ साली मारितच्या भांड्यातला एक दाणा याने नाकात घातला होता आणि तो काढायला डॉक्टर आणावा लागला होता. दाणा धुऊन परत भांड्यात टाकला, कारण एकशेशहात्तर म्हणजे एकशेशहात्तर.

बाईंची गाडी ताशी वीस मैलांनी अंगणात शिरली तसा एल्डन ओरडला, "बाई, सकाळी निघालात की काल?"

"तोंड आवर आणि ताट धर."

तो पायरीवर बसला आणि पहिली पोळी दोन घासांत संपवून मोकळा झाला. मग बोटं चाटत म्हणाला, "बाई, एक सांगायचं होतं. मळा विकला."

बाई ताटावरचं काढलेलं झाकण पुसत राहिल्या.

"गुडघे गेले माझे. पोरी फार्गो शहरात, त्यांना काय गव्हात रस. दोन तालुक्यांपलीकडची मोठी मंडळी आहेत, सोळा हजार एकर कसतात. त्यांचं अवजार चाळीस फूट रुंद आहे. चाळीस! आमच्या आजोबांना दाखवलं असतं तर ते चर्चमध्ये जाऊन बसले असते. पुढच्या महिनाअखेरीस जातो मी."

"सगळा विकलास?"

"सगळा. एवढंच म्हणाले, मध्ये तो गवताचा तुकडा आहे तो काढून द्या, अवजाराला वळसा घालायला जमत नाही. तुम्हाला माहीत असेल, पश्चिमेच्या शेतात, दोन खाटांएवढा. खाली दगड आहे. लहानपणापासून बाबा म्हणायचे, तिथे वळसा घाल, फाळ मोडेल. आजोबांनीही त्यांना तेच सांगितलं होतं. परवा गुरुवारी खोदायचं यंत्र येतंय. बघूया तरी शंभर वर्षं हेडलुंडांना गोल फिरवणारा दगड आहे केवढा!"

बाईंच्या हातातलं झाकण पायरीवर पडलं आणि घरंगळत अंगणात गेलं. एल्डन गुडघे धरत उठला, ते आणून दिलं. "काय बाई, एवढं मनाला लावून घेता? लेफ्सा फार्गोला पोस्टाने पाठवा."

त्या तशाच गाडीत बसल्या. परतताना ताशी पंधरा.

तिथे दगड नव्हता. हे आता जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस ताशी पंधरा मैलांनी घरी चाललं होतं.

बाईंना ते आजीने सांगितलं होतं, मरायच्या आदल्या वर्षी, शेंगा सोलता सोलता. गाडीत मारितच्या मांडीवर फक्त भांडं नव्हतं. शालीत गुंडाळलेली अकरा दिवसांची मुलगी होती. वाटेतच झालेली. नाव ठेवलं नव्हतं, कारण पाद्री भेटायचा होता. अर्ध्या वाटेवर केव्हातरी मारितला कळलं की शालीतली हालचाल थांबली आहे. तिने नवऱ्याला हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो थांबला असता, आणि थांबला असता तर ते खरं झालं असतं. ती चिंधीकडे बघत बसली. चिंधी वर येत होती, खाली जात होती, तिला दिसत होती. आकडा तेवढा येत नव्हता. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नाही. मग एकदम तिला आठवलं की आपण मोजतो आहोत, आणि जिथे सोडलं होतं तिथून तिने पुढे धरलं.

"भांड्यात बरोबर एकशेशहात्तरच पडले गं," आजी म्हणाली होती, "ते खोटं नाही. जे पडले नाहीत, ते कोण मोजणार?"

बावीस दाणे पडले नव्हते. दोनशेवीस फेरे, अर्धा मैल. बैलगाडीचा पाव तास. एवढे पुढे जाऊन ते थांबले आणि एइविंडने तिथे जे पहिलं खोदलं ती नांगरट नव्हती.

पुढल्या वसंतात एल्डनचा आजोबा पेर हेडलुंड सरकारी कागद घेऊन आला, तर त्याच्या जमिनीवर नॉर्वेच्या लोकांचं घर आणि अकरा एकर नांगरलेलं. दुसरा असता तर बंदूक काढली असती. पेरने कागद दाखवला, यांचं तोंड बघितलं, आणि पीक निघेपर्यंत राहा म्हणाला. शरदात सामान अर्धा मैल मागे नेताना त्याने स्वतःचे बैल जोडले. मुलीला मात्र मारित नेऊ देईना. "एकदा उचलून ठेवली. पुन्हा नाही उचलणार." पेर म्हणाला, असू दे, मी वळसा घालीन. पुढच्या वर्षी मारितने पहिल्या बारा लेफ्सा नेल्या.

रेल्वे आणि गाव आलं तोवर ढेकळांचं घर जमीनदोस्त झालं होतं आणि ब्रेक्के आपल्या खऱ्या जमिनीवर लाकडी घरात राहत होते. गावाने गोष्ट स्वतःच जुळवून घेतली. ब्रेक्केंनी ती मोडली नाही. आणि हेडलुंडांनी, ज्यांना नॉर्वेजियन माणसाची फजिती म्हणजे सणासुदीचं जेवण, त्यांनी दुसऱ्याची लाज इतकी राखली की स्वतःच्या पोरांनाही दगडच सांगितला. अब्रू झाकायला मारलेली थापच आता कबरीवर खोदकाम घेऊन आली होती.

बुधवारी बाई टेबलाशी बसल्या. एका कागदावर नेहमीची गोष्ट लिहिली; ती दहा मिनिटांत झाली, अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या कागदावर 'आजी चुकली' एवढं लिहिलं आणि हात थांबला. खाडाखोड झालेला कागद त्यांनी पोरांकडून कधी घेतला नव्हता. या बाईला गावाने कशासाठी ओळखलं? नवऱ्यासाठी नाही, मुलांसाठी नाही, घरासाठी नाही. मारितची नात. चर्चच्या जेवणात पहिलं ताट तिच्यापुढे यायचं ते तेवढ्यासाठी. ते गेलं तर ग्रान्विकमध्ये उरणार होती एक म्हातारी, जी चुकीच्या नंबराशी बोलते.

फोन वाजला. बिस्मार्कची बाई. "अय्या, पुन्हा तुम्हीच लागलात का!"

"हो," बाई म्हणाल्या, आणि मग न विचारताच, "तुमची बहीण तुमच्याहून लहान ना? लहानपणी हरवली होती का कधी?"

"नाही हो. का?"

"काही नाही. लावा पुन्हा. शेवटचा आकडा सात आहे, एक नाही."

गुरुवारी सकाळी त्या गव्हाच्या खुंटांतून गाडी थेट शेतात घेऊन गेल्या. यंत्र ट्रकवरून उतरत होतं. चालवणारा परगावचा, त्याने कॉफीचा पेला हातात धरला होता. एल्डन धावत आला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांना जेवढं धावता येतं तेवढा.

"बाई! हे शेत आहे, रस्ता तिकडे आहे!"

"यंत्र थांबव."

"अजून सुरूच केलं नाही."

"मग सुरू करू नकोस. एल्डन, इथे दगड नाही."

त्यांनी सांगितलं. वारा इतका होता की अर्धी वाक्यं दोनदा सांगावी लागली, आणि जे एकदा सांगणं जड ते दोनदा सांगणं म्हणजे काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाव तास, बावीस दाणे, शाल. तो गवताचा तुकडा त्यांच्या पायांपाशीच होता, शंभर वर्षांत एकदाही न उलटलेला. सगळ्या गावात जुनं गवत म्हणून उरलं असेल तर तेवढंच.

सांगून झाल्यावर बाई विनोदाची वाट बघत उभ्या राहिल्या. नॉर्वेजियन माणसाला दहाच्या पुढे मोजायला बूट काढावे लागतात, असं हेडलुंडांच्या घरात पाळण्यात शिकवतात. एल्डनने आयुष्यात अशी संधी सोडली नव्हती. त्याने तोंड उघडलं. मग टोपी काढली, अगदी बापासारखी, आणि तोंड मिटलं.

गवताकडे बघत म्हणाला, "म्हणून लेफ्सा."

"म्हणून."

"मी समजत होतो, बाबांसाठी."

यंत्रवाला लांबून ओरडला, "काय साहेब, खोदायचं की नाही?"

"नाही," एल्डन म्हणाला. "इथे आमचं माणूस आहे."

'तुमचं' नाही म्हणाला. बाईंनी ते ऐकलं आणि गाडीचं दार उघडताना दोनदा चुकल्या.

सोमवारी आर्डिस आली. पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "बाई, हे छापायचं? मग पहिलं घर हेडलुंडांच्या जमिनीवर ठरतं. गावाबाहेर पाटी आहे 'पहिलं घराणं ब्रेक्के' म्हणून. संग्रहालयात चिठ्ठी आहे. आणि 'मारितने मोजलंय' म्हणतात लोक, त्याचं काय करायचं?"

"लोक म्हणतील. म्हणू देत."

"मुलं किती, इथे तुम्ही दोन लिहिलंय. नाव?"

"एकाचं टोरवाल्ड. दुसरं कोरं ठेव. कोरीच होती."

मग त्यांनी आर्डिसकडून संग्रहालयाची किल्ली मागून घेतली. भांडं खाली काढलं. जुने दाणे तपकिरी, कडक, एकावर एल्डनच्या नाकाचा इतिहास. बाईंनी पिशवीतून किराणा दुकानातले नवे पांढरे दाणे काढून एकेक टाकले. लोखंडावर आवाज होत होता.

"हे काय?" आर्डिस म्हणाली.

"राहिले होते," बाई म्हणाल्या. बाविसाव्यावर थांबल्या.

लोकांनी फारसं काही केलं नाही. चर्चमध्ये दोन रविवार कुजबुज झाली, तिसऱ्या रविवारी बर्फ पडला. चर्चच्या जेवणात पहिलं ताट दुसऱ्या कोणापुढे गेलं, बाईंना तिसरं मिळालं; तोवर बटाटे निवले होते. दारूच्या दुकानात अंतरावरून भांडण झालं तेव्हा कोणीतरी सवयीने "मारितने मोजलंय" म्हणाला आणि दुसऱ्याने विचारलं, "ते बावीस दाण्यांच्या आधीचं की नंतरचं?" हसले सगळे. म्हण आधी विषय संपवायची, आता सुरू करते.

एल्डनने जायच्या आधी तुकड्याच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी खांब ठोकले आणि नव्या मालकांकडून लिहून घेतलं की तिथे वळसा घालायचा. मग फार्गोला गेला. नाताळात त्याचं कार्ड आलं: इथे सगळं सपाट आहे आणि कोणी पोळ्या आणून देत नाही.

पुढल्या शरदात बाईंनी बटाटे उकडले. बारा लेफ्सा झाल्यावर आठवलं की घ्यायला कोणी नाही. हेडलुंडांच्या घराला फळ्या ठोकलेल्या होत्या. तरी ताट घेऊन त्या निघाल्या आणि शेताच्या कडेला गाडी उभी केली.

चाळीस फुटी अवजार पलीकडच्या टोकाकडून येत होतं. खांबांपाशी आल्यावर ते मंद झालं, वळलं, अंतर ठेवून गेलं आणि पुन्हा सरळ झालं. चालवणारा काचेच्या खोलीत इतका उंच बसलेला की त्याला गाडी दिसली असेल, माणूस नाही. बाईंनी हात वर केला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला.

मग ताटावरचं फडकं काढून एक लेफ्सा घेतली आणि गाडीत बसूनच खाल्ली. यंदा साखर जास्त पडली होती. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं.